उजव्या खांद्यावरची पाकळी

पाकळी अजून तिथेच होती — तगरीची, पांढरी, कडेला जराशी पिवळी पडू लागलेली, लक्ष्मीनारायणाच्या उजव्या खांद्याला पाण्यानं चिकटलेली. डाव्या खांद्यावरची तिची जोडीणही तशीच. मथुराबाई पाटावर बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. साडेसातला कौल लावला होता, आता सव्वादहा झाले, आणि गेल्या तीस वर्षांत देवानं एवढा वेळ कधी घेतला नव्हता. फार तर पोथीचा अर्धा अध्याय.

प्रश्नही तसा सरळ. लीलाला आंबोलीच्या शाळेत नोकरी लागली होती. रुजू होणार की नाही हे आज बाराच्या एस.टी.नं जाणाऱ्या टपालात पडायला हवं होतं. ह्यांनी नेहमीसारखं "देवाक विचार" म्हणून अंग काढून घेतलं होतं, आणि लीला ओटीवर कोरं कार्ड मांडीवर घेऊन बसली होती. आंबोली... जिथे म्हणे वाळत घातलेलं पातळ गणपतीपर्यंत वाळत नाही. पोर एकटी एका खोलीत राहणार, आणि इथे संध्याकाळी पोथी मोठ्यानं कोण वाचणार, मला तर आता अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात... पण हे देवाला सांगायचं नसतं. कौल लावताना मन कोरं ठेवायचं. मथुराबाईंनी मन पुन्हा कोरं केलं. सकाळपासून सातव्यांदा.

देवघरात फटी बुजवायच्या लांबीचा वास कोंडला होता. रविवारच्या पावसात पाणी फटीतून आत येऊन पोथीचा नववा अध्याय भिजला, तेव्हा हे — मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे फूटपट्टीशिवाय पापडही न मोडणारे — काल दिवसभर दोन्ही खिडक्यांच्या मागे लागले. पूजेची उदबत्ती पेटवून चौकटीभोवती फिरवली, धूर वाकेल तिथे खडूनं फुली मारली. समुद्राकडच्या खिडकीवर बावीस फुल्या, परसाकडच्या खिडकीवर चौदा. मग फुलीफुलीवर लांबी, आणि झडपांच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

"आता वारोच काय, मुंगी पण येवची नाय," ते म्हणाले होते, आणि मथुराबाईंना बरंच वाटलं होतं. समईची ज्योत कशी चित्रातल्यासारखी उभी होती. आत्ताही होती. हलत नव्हती. ज्योत हलत नव्हती, धूर हलत नव्हता, आणि पाकळी...

मथुराबाईंनी घाईघाईनं जप सुरू केला.

पण एकदा आलेला विचार जपाला भीक घालीना. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, बावीस फटींतून, थेट देवाच्या उजव्या खांद्यावर. थंडीत पहाटेचा गार वारा परसाकडून, थेट डाव्या... रेडिओचं आषाढात विचारलं, हो. थोरल्या दुर्गेचं शिरोड्याचं स्थळ श्रावणात, हो. म्हशीचं भाद्रपदात, हो — आणि ती म्हैस दुधाआधी लाथ द्यायची, तरी आपण म्हटलं, देवाची परीक्षा असते. काशीयात्रा पौषात. नाही. पुढच्या पौषात नाही. चार पौष ओळीनं नाही. हे परमेश्वरा, तू हवापाण्याप्रमाणे बोलत होतास?

दारात पावलं वाजली. हे. हातात पटाशी.

"गो, झालो काय तुझो कौल?"

मथुराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"नाय म्हणजे... ती लांबी अजून ओली आसा. समुद्राकडची वायच काढून बघूया काय? माका वाटता, नीट बसाक नाय." बोलताना ते देवाकडे नाही, खिडकीकडेही नाही, छपराच्या वाशाकडे बघत होते.

मथुराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एस.टी. सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा हा माणूस, दिवाळीत रेडिओचे पैसे हातात असून म्हणाला होता, घाई कसली, आषाढात विचार. लीलानं ह्या नोकरीचा अर्ज कधी केला? ह्यांनीच बसून लिहून घेतला होता, मृग लागता लागता. "पावसात तुझो देव बरो असता," असं एकदा जेवताना म्हणालेही होते, आणि लीला घास तोंडात धरून हसली होती, मला ठसका वाटला. म्हणजे घरात सगळ्यांना...

आणि मला?

काशीचं कुणी विचारलं होतं? ह्यांना जायचं होतं फार, पिशवीसुद्धा शिवून घेतली होती. मला आगगाडीची भीती. कौल मी लावला. दर वर्षी मीच म्हटलं, पौष येऊ दे, मग विचारते... पौषच का? तेव्हा मन कोरं होतं माझं. होतं ना? डाव्या खांद्यावरची पाकळी पडताना मी किती हळहळले होते, आणि त्या दिवशी वरणभाताबरोबर गोड शिरा केला होता.

"काढू काय?" ह्यांनी पटाशी पुढे केली.

"नको," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "ऱ्हवांदे ती तशीच."

तीस वर्षांत देवाला न विचारता दिलेलं बहुधा हे पहिलंच उत्तर, आणि तेही लांबीविषयी.

लीला ह्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती. हातात कार्ड, बोटाला शाई. तिनं समईकडे बघितलं, खिडकीकडे, मग बापाच्या हातातल्या पटाशीकडे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले — हसू आवरायला की दुसरं काही, कळेना.

"देव गप आसा, आई," ती म्हणाली. "तू तरी सांग. तुका काय वाटता?"

मथुराबाईंनी देवाकडे पाहिलं. त्याला काही घाई नव्हती. जाऊ नको, हे तर जिभेच्या टोकावर बसलेलं होतं, सकाळपासून, कदाचित मृगापासून... पण त्या 'जाऊ नको'च्या मागे आणखी काहीतरी होतं, ढकलाढकली करणारं, त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. ते भीतीसारखं होतं, पण पूर्ण भीती नव्हे. निर्जळी उपासाच्या दिवशी चारच्या सुमाराला पोटात जी आग पेटते आणि उपास सोडवतही नाही, त्या जातीचं काहीतरी.

"थांब," त्या म्हणाल्या, "माका जरा विचारू दे," — आणि पाटावर बसल्या बसल्या त्यांनी पाठ देवाकडे फिरवली.