वाट पाहण्याचा रकाना

"ऐकू येईल ते सगळं टाइप करायचं. खोकला आला तर खोकलासुद्धा. त्यातलं महत्त्वाचं काय, ते ठरवायला आपल्याला ठेवलेलं नाही."

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात आमच्या जुन्या हेडक्लार्कबाईंनी मला हे बजावलं होतं. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कानाला हेडफोन लावला की आधी त्यांचा आवाज येतो, मग मुलाखतीचा.

आमचा विभाग विकास अभ्यासाचा. कुठले देश पुढे जातात, कुठले मागे राहतात, मदत कुणाला पोचते आणि वाटेतच कुठे मुरते, यावर इथे पीएचडी करतात. मी कार्यालय सांभाळते, आणि विद्यार्थी वस्त्यांमधून, खेड्यांमधून ज्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून आणतात त्या टाइप करून देते. आमच्याकडे माणसाचं नाव फार दिवस टिकत नाही. विषय ठरला की तेच नाव. रस्तेवाला, बियाणंवाला, स्थलांतरवाली. एक जण दोन वर्षं नुसता विषयच शोधत होता, त्याला सगळे 'चाचपडे' म्हणायचे. शेवटी तो बँकेत लागला.

दरवर्षी सत्र सुरू होताना मी प्रत्येकाकडून दोन ओळी मागून घेते: संशोधन कशावर आहे, रस कशात आहे. त्या विभागाच्या वेबसाइटवर जातात. यंदा सगळ्यांच्या आल्या, फक्त पाणीवालीच्या राहिल्या. आणि खरं सांगायचं तर त्या अडल्या माझ्यामुळे.

पाणीवालीने शहराबाहेरच्या एका वस्तीत चाळीस दिवस काढले होते. सार्वजनिक नळावर येणाऱ्या चाळीस बायका, रोज एकीचा दिवस. तो एका तक्त्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मांडायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर द्यायचा. स्वयंपाकाला एक, मुलांना दोन, असं. नळापाशी बादल्यांची रांग लावून कडेला बसलेल्या बायकांना तिने नऊ नंबर दिला होता. नऊ म्हणजे विश्रांती आणि गप्पा. त्यातून असं निघालं की या बायकांकडे दिवसाचे अडीच तास रिकामे असतात. तिच्या मार्गदर्शक सरांना हा आकडा फार आवडला. एका संस्थेलाही आवडला. त्या रिकाम्या वेळात वस्तीत शिवणाचे वर्ग सुरू करायचे आणि ते बघायला पाणीवालीलाच नोकरीवर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्या अडीच तासांवर उभं होतं, आणि प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा होता.

शेवटच्या सहा मुलाखती माझ्याकडे टाइपिंगला होत्या. त्यांतली एक बाई भारी बोलकी. आवाज जाडाभरडा, हसरा. सासूचं सांगायची, मुलीच्या शाळेचं सांगायची, आणि मध्येच तोडून ओरडायची, "ए, ती निळी बादली माझी आहे हं!" पुन्हा गोष्ट सुरू. पुन्हा, "कुणी पुढे सरकवली गं?" एकदा तर "थांब, पाणी आलं वाटतं," म्हणून धावत गेली आणि धापा टाकत परत आली. "नाही आलं मेलं. नुसती हवा. हं, काय विचारत होतीस?"

मी ठरल्याप्रमाणे सगळं टाइप केलं. अठ्ठावीस मिनिटांत सतरा वेळा तिने बोलणं तोडलं होतं.

कागद देताना मी सहज म्हटलं, "ही काही निवांत बसलेली वाटत नाही गं."

"म्हणजे?"

"तूच बघ वाचून."

तिने उभ्या-उभ्याच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर खुर्ची ओढली.

"ताई, त्या तक्त्यात वाट बघण्याला रकानाच नव्हता हो."

तक्ता तिचा नव्हता. दुसऱ्याच कुठल्या देशातल्या मोठ्या पाहणीतला, सगळे जण वापरतात तो. तिथल्या घरांत नळ सोडला की पाणी येत असणार.

"बाई बसलेली दिसली की नऊ," ती म्हणाली. "ही माझ्या तोंडासमोर बादलीसाठी ओरडतेय, आणि मी खाली मान घालून नऊ लिहितेय. चाळीसच्या चाळीस दिवस!"

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. त्यांच्या खोलीचं दार माझ्या टेबलाशेजारीच आहे, आणि ते कधी नीट लागत नाही. सर मनाने चांगले आहेत. विद्यार्थ्यांचं काम वेळेत जावं म्हणून रविवारी येऊन बसतात.

"अगं, कुठल्याही वर्गीकरणात थोडं इकडचं तिकडे होतं," ते म्हणाले. "एक तळटीप टाक. पुढे निवांतपणे यावर वेगळा लेख लिही."

"आणि वर्ग, सर?"

"वर्ग झाले तर वाईट काय? शिवण शिकतील."

"त्या मशीनवर बसल्यावर बादल्या कोण बघणार?"

"मुदतवाढ घेतलीस तर वर्ष जाईल. ती संस्था तुझ्यासाठी वर्षभर जागा धरून ठेवणार नाही. मी नाही म्हणत नाही. पण भरात येऊन काही करू नकोस. सोमवारी सांग."

दुपारी चहाच्या खोलीत रस्तेवाला म्हणाला, "ताई, पाणीवाली स्वतःचंच प्रकरण बुडवायला निघालीय म्हणे."

"तू तुझ्या रस्त्याचं बघ. सहा वर्षं झाली, कुठे पोचलास?"

"मी पोचण्याच्या घाईत नाहीच मुळी," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातलं बिस्किट उचलून गेला.

सोमवारी मी नेहमीसारखी नऊला आले. कार्यालय साडेनऊला उघडतं. तो अर्धा तास माझा मौनाचा असतो. आधी मनातल्या मनात प्रार्थना, मग नुसतं बसायचं. मुलांना हे ठाऊक आहे. तरी कितीतरी जण नेमके तेव्हाच येतात आणि मन मोकळं करून जातात.

पाणीवाली समोर येऊन बसली. डोळे सुजल्यासारखे दिसत होते.

"तुम्ही बोलणार नाही, माहितीये. मीच बोलते. शनिवार-रविवार सगळे तक्ते परत मोजले. अडीच तासांतले दोन तास दहा मिनिटं नळावरचे निघाले. उरली वीस मिनिटं. वीस मिनिटांत काय शिवणार, ताई? बटण?"

मला हसू आलं, ते मी आवरलं.

"नोकरीचं आईला सांगून बसलेय. आईने मावशीला सांगितलं, म्हणजे आता सांगायचं कुणी राहिलेलं नाही. हारतुरेच काय ते बाकी आहेत." ती बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिली. "मी गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? सर म्हणतात तळटीप टाक. तळटीप कोण वाचतं?"

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. बोलायची बंदी होती हे बरंच झालं. मी बोलले असते तर तो निर्णय माझा झाला असता, आणि वर्ष तिचं गेलं असतं. पण त्या मुलाखतीचं शेवटचं पान माझ्याकडेच राहिलं होतं, उशिरा छापलेलं. ते मी तिच्यापुढे सरकवलं.

"हे सगळं लिहून तू काय करणार गं?" असं त्यात त्या बाईने विचारलं होतं.

"मोठं पुस्तक होणार त्याचं."

"मग माझ्याबद्दल काय लिहिलंस ते येऊन सांगशील?"

"सांगेन की. नक्की."

हे 'सांगेन' मी आजवर किती मुलाखतींत टाइप केलं असेल, त्याला गणती नाही. म्हणताना सगळे मनापासूनच म्हणतात. मग प्रबंध, मग नोकरी, मग लग्न, मुलंबाळं. परत कुणी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तिने पान दोनदा वाचलं. "मी असं म्हटलं होतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "टेप बंद करायच्या घाईत म्हटलं असणार."

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "मुदतवाढीचा अर्ज कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो?"

मी काढून दिला. कारणाच्या जागी तिने सरळ लिहिलं: 'माहितीच्या वर्गीकरणात माझ्याकडून चूक झाली आहे.' सर दहाला आले. त्यांनी अर्ज वाचला, पेन हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"वर्ष जाईल हं."

"हो, सर."

"संस्थेला कळवलंस?"

"आत्ता खालून फोन करते."

त्यांनी सही केली. मग म्हणाले, "वस्तीत जाशील तेव्हा तक्त्याची कोरी प्रतही ने. नवीन रकाना घालायचाय ना, त्या बायकांनाच विचार काय म्हणतात त्याला."

तिने चाळीसही तक्ते पिशवीत भरले, वर कोरी प्रत ठेवली. मी तिच्या दोन ओळींबद्दल विचारलं.

"यंदा मोकळ्या ठेवता येतील का?"

"येतील."

"पाणी एकला येतं तिथे. अकरापासून सगळ्या बसलेल्या असतात. आत्ता निघाले तर गाठ पडेल."

"काय सांगशील त्यांना?"

"जे लिहिलं होतं तेच. विश्रांती म्हणून." ती जराशी हसली. "शिव्या घालतील."

"घालू देत. बसून ऐक."

तिने पिशवी खांद्यावर घेतली, सरांचं दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरून बसथांब्याकडे गेली.