ॲसिडचं विरजण

सात एप्रिलला सकाळी दहा वाजता प्रिंट विभागात एक प्रेस, ॲसिडचे दोन ट्रे, नऊ रबरी रोलर (त्यातले चार चिरलेले), शाईचे तेवीस डबे, नायट्रिक ॲसिडच्या पाच बाटल्या, रॉकेलचा एक कॅन आणि शेवटच्या वर्षाचे सात विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांची नोंद साठ्याच्या रजिस्टरात करत नाहीत. मी ते माझ्या वहीत लिहिले, कारण सातपैकी तिघांच्या परीक्षेच्या प्लेटी त्या दिवशी ॲसिडमध्ये जायच्या होत्या.

आमचं आर्ट कॉलेज डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी तिथं लॅब असिस्टंट. बी.एस्सी. केमिस्ट्री, घर चिंचणीला. चित्रातलं मला कळत नाही; ॲसिड हाताळणारं माणूस हवं होतं म्हणून मला घेतलं.

काम समजायला सोपं आहे. जस्ताच्या प्लेटवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईनं त्यावर चित्र ओरखडायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये ठेवायची. मेण निघालंय तिथं ॲसिड जस्त खातं आणि रेघ खोल होते. मग मेण धुऊन काढायचं, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून प्लेट प्रेसमधून काढायची. प्लेट जितका वेळ ॲसिडमध्ये, तितकी रेघ काळी. भिंतीवर त्याचा चार्ट आहे. फिकट रेघ तीन मिनिटं, मध्यम सहा, गडद बारा.

चार्ट देवजीकाकांच्या हातचा. ते विभागात बावीस वर्षं शिपाई होते, गेल्या दिवाळीत रिटायर झाले. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"पोरी, ट्रे कधी पुरता रिकामा करू नको. जुन्यातलं अर्धं ठेवायचं, त्यात नवं घालायचं. विरजण हाय ते. कोरं ॲसिड माजोरी असतं."

"काका, ॲसिडला विरजण लागत नाही. प्रमाण लागतं."

"तुला दही तरी लावता येतं का गं?" ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले.

ते खरं की नुसती समजूत, हे मला पाहायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी दोन नंबरचा ट्रे पूर्ण रिकामा केला, धुतला आणि कोरं ॲसिड भरलं. एक भाग ॲसिड, आठ भाग पाणी. एक नंबरच्या ट्रेला हात लावला नाही. दोन्हींवर आधीपासून 'एकास आठ' अशीच चिठ्ठी होती, ती तशीच राहू दिली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वेळ बदलली असती आणि तुलना झाली नसती.

प्रश्न एवढाच होता की दोन नंबरला कोणाची प्लेट ठेवायची.

मिथुनची ठेवता आली नसती. त्याचे वडील नगरपरिषदेत आहेत. काही झालं असतं तर ते तासाभरात प्रिन्सिपॉलांसमोर बसले असते. निलम प्रत्येक गोष्टीला "का?" विचारते. राहिली शुक्री. ती विचारत नाही. शिवाय तिची प्लेट सगळ्यांत मोठी होती, चाळीस बाय साठ सेंटीमीटर. मोजायला जागा भरपूर.

शुक्री तलासरीजवळच्या पाड्यावरची. तिची आई चंपा रोज पहाटे टेम्पोतून समुद्रकाठच्या एका वाडीत चिकू तोडायला जाते. त्याच टेम्पोचं चित्र शुक्रीनं काढलं होतं. संध्याकाळी परतणाऱ्या अकरा बाया, एकमेकींच्या खांद्यावर कलंडून झोपलेल्या. दोन महिने ती त्या टेम्पोतून फुकट फिरली आणि मांडीवर वही ठेवून एकेकीचा चेहरा उतरवत राहिली. प्लेटवर सुई चालवायला आणखी सात आठवडे लागले.

विभागप्रमुख सावे सरांना हा विषय मुळातच पसंत नव्हता.

"तुला हातात आयतं दिलंय ते वारली काढ की. पांढरे त्रिकोण काढ, तारपा काढ. फ्रेम करून विकता येतं."

"सर, ते लग्नाच्या भिंतीवर सवाशिणी काढतात," शुक्री म्हणाली. "माझं लगीन झालं नाय."

"मग परीक्षा झाली की करून टाक," सर म्हणाले. वर्ग हसला.

तरी सर तिच्या हाताला मानत होते. या पेपरात तिला साठ मिळाले असते तर बडोद्याला मास्टर्सची जागा आणि हॉस्टेल नक्की होतं. सरांनी तिथं तसा शब्द टाकला होता. नाही मिळाले तर जूनपासून तीही टेम्पोत. हे मला तिनंच सांगितलं होतं, डबा खाताना, बातमी सांगावी तसं.

साडेअकराला मी तिघांना ट्रे वाटून दिले. मिथुन आणि निलम एक नंबर, शुक्री दोन नंबर. तिनं प्लेट अलगद आत सोडली. ॲसिड जस्त खायला लागलं की रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसानं सारखे झाडावे लागतात. शुक्रीचं पीस घरच्या कोंबड्याचं होतं, तांबडं-काळं.

"अख्ख्या पाड्यात सगळ्यात शिकलेला हाच," मिथुन म्हणाला. "कोंबडा."

"तुझ्याआधी उठतो तरी," शुक्री म्हणाली. ती त्या दिवशी खुशीत होती.

चौथ्या मिनिटाला दोन नंबरच्या ट्रेवर पांढरा फेस आला. एक नंबरवर मोजके बुडबुडे होते. मी थर्मामीटर बुडवला. सुरुवातीला एकतीस अंश होतं, आता अडतीस.

"ताई, लईच उकळतंय," शुक्री म्हणाली. "काढू का?"

"किती मिनिटं झाली?"

"चार."

"चार्ट काय म्हणतो?"

"बारा."

"मग?"

ती पिसानं फेस बाजूला करत राहिली. सातव्या मिनिटाला तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "कडेचं मेण सुटतंय वाटतं, ताई."

"वाटतं म्हणजे काय? केमिस्ट्री तू शिकलीस की मी?"

"तुम्ही."

"मग वेळ पाळ."

तिनं पाळली. आठव्या मिनिटाला ॲसिड एकेचाळीस अंश होतं, बाराव्याला सेहेचाळीस. हे आकडे माझ्या वहीत आहेत. मेणाची एक खपली सुटून ट्रेच्या कडेला तरंगत होती. तीही मला दिसली होती.

बारा मिनिटं पूर्ण झाल्यावर शुक्रीनं प्लेट उचलली, पाण्याखाली धरली, रॉकेलनं पुसली. मग तीच जागा पुन्हा पुसली. दाट रेघांचा भाग, म्हणजे टेम्पोच्या आतला काळोख आणि चेहरे, सलग खरबरीत खड्डा झाला होता. मधल्या भिंती खाऊन ॲसिडनं रेघेला रेघ मिळवली होती. प्लेटची डावी कड बिस्किटासारखी कुरतडली गेली होती.

सरांनी प्लेट उजेडात तिरकी धरली.

"बारा मिनिटं ठेवलीस?"

"हो सर."

"कोणी सांगितलं?"

शुक्रीची मान माझ्या दिशेला किंचित वळली आणि परत फिरली. "चार्ट, सर."

"चार्ट वाचता येतो आणि समोरची प्लेट वाचता येत नाही? फेस आलेला दिसला नाही? चार वर्षं काय भाकऱ्या थापत होतीस इथं?" मग माझ्याकडे वळून, "मयूरी, ॲसिड बरोबर होतं ना?"

"एकास आठ, सर," मी म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. सरांनी मान हलवली. शेजारी मिथुनची प्लेट होती, तीही बारा मिनिटं ठेवलेली, रेघन् रेघ सुटी. सरांनी ती उचलून शुक्रीच्या प्लेटशेजारी धरली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. "हा हात आणि हा हात," ते म्हणाले.

परीक्षा नऊ तारखेला होती. नवी प्लेट मुंबईहून यायला आठ दिवस लागतात. शुक्रीनं दोन रात्री घासकागदानं खड्ड्यांच्या कडा घासल्या. पण खोल गेलेलं जस्त भरून येत नाही. नियमाप्रमाणे तिनं पाच सारख्या प्रती काढायच्या होत्या. पाचही वेगवेगळ्या आल्या, कारण खड्ड्यात शाई दरवेळी वेगळी बसत होती.

बाहेरून आलेले परीक्षक तिच्या भिंतीपाशी पाऊण मिनिट थांबले. "प्लेट जाळलीये," एक जण दुसऱ्याला म्हणाला. दुसऱ्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या भिंतीकडे गेले.

आमच्याकडे परीक्षेच्या दिवशी तीननंतर हॉल घरच्यांसाठी उघडतात. शुक्रीनं घरच्यांना येऊ नका म्हणून निरोप दिला होता. तो पोचला नाही, किंवा त्यांनी मानला नाही. साडेतीनला गेटाशी टेम्पो थांबला. चंपा आली, बरोबर टेम्पोतल्याच धाकली नावाची एक, पुष्पा आणि आणखी सहा जणी. अर्ध्या दिवसाचा खाडा करून, धुतलेली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून. दोन महिने शुक्री त्यांचे चेहरे काढत होती. आपण कशा उतरलो ते त्यांना पाहायचं होतं.

त्या चपला बाहेर काढून आत आल्या. आधी मिथुनच्या भिंतीपाशी थांबल्या, तिथं डहाणूची खाडी आणि होड्या होत्या. "बरोबर काढलंय," धाकली म्हणाली. मग शुक्रीच्या भिंतीपाशी आल्या.

चंपानं पाचही कागद एकेक करून जवळून पाहिले.

"यात मी कठं हाय?" तिनं विचारलं.

शुक्रीनं एका काळ्या डागावर बोट ठेवलं. "ही."

"आन् मी?" पुष्पा म्हणाली.

"तू हिच्या मागं."

"मला तोंडच नाय गं," पुष्पा म्हणाली, आणि हसायला लागली. "बरं झालं. एवीतेवी दात पडलेत." बाकीच्या हसल्या. चंपा हसली नाही. तिनं पदराच्या टोकानं तो डाग हलकेच पुसून पाहिला, शाई वरवर सांडली असेल तर निघेल म्हणून.

"आई, हात लावू नको. परीक्षेचं हाय."

मागून मिथुन म्हणाला, "टेम्पोतली लाइट गेली वाटतं." त्याच्या घरचेही हसले. मी दाराशी होते. अकरापैकी ओळखू येतील असे चेहरे मी मोजले. दोन होते, त्यातला एक ड्रायव्हरच्या बायकोचा, आणि ती आली नव्हती.

चंपा जाताना माझ्यापाशी थांबली. कॉलेजात मी कोण हे तिला माहीत नव्हतं. समुद्राकडच्या, वाडीमालकांच्या बाजूची आहे एवढं चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. तिनं हात जोडले. "शेठीण, पोर नवी हाय. चुकली. सायबाला सांगा, पास करा."

"मी सांगते," मी म्हणाले. सांगितलं नाही.

साडेपाचला हॉल रिकामा झाला. शुक्री प्रिंट विभागात आली आणि तिनं टेबलावरची पिसं, सुया, चिंध्या गोळा केल्या. मी ट्रे झाकत होते.

"ताई, एक विचारू?"

'काढू का' सोडून तिनं मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"दोन्ही ट्रेत ॲसिड तेच होतं ना?"

"तेच. चिठ्ठी आहे बघ वर."

तिनं चिठ्ठी वाचली. एक नंबरची वाचली, दोन नंबरची वाचली. "मग माझाच हात चुकला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं बाई, ॲसिडच..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला उगाच बोलले असते. बरं झालं सरांना काय बोलले नाय."

"होतं असं," मी म्हणाले.

प्लेट ती घरी नेणार होती. परीक्षेच्या प्लेटी विभागात जमा होतात, असा नियम आहे. मी तिला तो सांगितला. तिनं प्लेट फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेटाकडे गेली. टेम्पो अजून तिथंच उभा होता.

निकाल वीस मेला लागला. मिथुनला अडुसष्ट, निलमला एकसष्ट, शुक्रीला एकतीस. बडोद्याला सरांनी मिथुनचं नाव कळवलं.

एकवीस मेला विभागात कोणी नव्हतं. मी मिथुनची आणि शुक्रीची अशा दोन्ही प्लेटी रॉकेलनं स्वच्छ केल्या आणि खोली मोजायचं गेज लावलं, प्रत्येक प्लेटवर दहा ठिकाणी. जुनं ॲसिड, बारा मिनिटं : सरासरी ०.०९ मिलिमीटर. कोरं ॲसिड, बारा मिनिटं : सरासरी ०.४३ मिलिमीटर.