डाव्या दारातला आवाज

"आता सांगा काका, कुठून येऊन राह्यला आवाज?"

"मांगून. उजव्या अंगानं."

"आन् आता?"

"मांगूनच. डाव्या अंगानं."

"आता?"

चपला बाहेर काढून मागच्या सीटवर बसलेल्या कडूबांनी डोळे मिटून घेतले. "समोरून. तुह्या बाजूनं."

"आन् आता?"

कडूबा थांबले. मान थोडी पुढे केली. "आता तं काईच नाई. बंद केलं का रे?"

"चालूच हाये," वाहेद म्हणाला आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून दाखवले.

चिखलीत गाड्यांना टेप-स्पीकर बसवायच्या वाहेदच्या दुकानात सकाळपासून काम चाललं होतं. बॅटरीपासून एक जाड लाल वायर गालिच्याखालून आत आली होती, डाव्या सीटखाली अँप्लिफायर बसला होता. कंपनीच्या टेपला अँप जोडायची वेगळी जागा नव्हती, म्हणून वाहेद स्पीकरच्या वायरीतूनच आवाज उचलणार होता. पण त्याआधी तो प्रत्येक स्पीकरला एकट्याला बोलायला लावायचा. ती त्याची जुनी सवय होती.

"बिगडेल स्पीकरचा आवाज वाढवून काय फायदा?" तो म्हणाला आणि डाव्या दाराचे स्क्रू काढायला लागला.

कडूबा खाली उतरून उभे राहिले. स्पीकर बिघडला असेल हे त्यांना पटत नव्हतं. आवाजातलं त्यांना कळायचं. एकतीस वर्षं त्यांनी आपल्या गावात, उंद्रीत, नळाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले होते. लोखंडी पाइपाला कान लावून ते सांगायचे की टाकीतून पाणी निघालं, आता बौद्धवाड्याच्या वळणावर आलं, आता मशिदीपाशी. बाया त्यांच्या भरवशावर हंडे मांडायच्या.

मुलानं, दीपकनं, नवी गाडी घेतली आणि ही जुनी गावी बापाला देऊन टाकली. कडूबांची बायको शालूबाई डावीकडे बसायची. पेन ड्राइव्हवर गावातल्याच मंडळाची भजनं होती. आधी ती ऐकताना मांडीवर ताल धरायची. मग एक दिवस म्हणाली, "मले इकडून आवाज नाई येऊन राह्यला."

कडूबांनी दीपककडून शिकून घेऊन सगळा आवाज तिच्या बाजूला वळवला. तरी तिचं तेच. वाढवला. तरी तिनं नकारार्थी मान हलवली.

"कान गेले तुहे," ते म्हणाले.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं तिच्या कानाला मशीन लावून सांगितलं, कान उत्तम आहेत. परतीच्या वाटेवर कडूबा म्हणाले, "त्याची मशीनच खराब असन." शालूबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्यानंतर तिनं आवाजाचं नाव काढलं नाही.

दीड वर्षापूर्वी ती नातवाला सांभाळायला पुण्याला गेली. बसमध्ये बसवून दिल्यावर कडूबांनी सुनेला फोन केला होता, "अर्पिता, सासूशी जरा मोठ्यानं बोलत जाय. तिले कमी ऐकू येते."

आता येत्या शनिवारी ती पहिल्यांदा गावी येणार होती. आठ दिवसांसाठी. चिखली ते उंद्री एवढ्या वाटेत तिला एकदाही 'आवाज येत नाही' म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून हा अँप.

दाराचं पॅनल सुटून वाहेदच्या हातात आलं. त्यानं आत बोटं घातली आणि हसला.

"काका, स्पीकर एकदम नवा हाये. त्याले वायरच लावेल नाई. हे पाहा, सॉकेट लटकून राह्यलं. हे दार कवा खोललं होतं?"

कडूबांना आठवायला वेळ लागला. "काच अडकली होती. चार वर्सं झाली असन. दुसऱ्या एका गॅरेजात."

"त्यानं काच बसवली आन् हे लावाचं भुलला."

सॉकेट बसल्याचा बारीक टक् आवाज झाला. डाव्या दारातून एकदम भजन आलं, टाळांसकट. अजून अँप जोडलेलाही नव्हता.

"चार वर्सं!" वाहेद म्हणाला. "काकू काई बोलल्या नाईत का?"

कडूबांनी दाराच्या उघड्या पत्र्यावर हात ठेवला. आतून भजनाचा हादरा तळव्याला लागत होता.

"बोलली," ते म्हणाले.

खिशातला फोन वाजला. शालूबाईचाच होता. ते दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी गेले.

"हॅलो," ती कुजबुजली. "पोरगं खांद्यावर झोपलं हाये, म्हणून हळू बोलते. आयकलं का, या शनवारी येनं नाई होत. अर्पिताले सुट्टी नाई भेटली. आता दिवाळीले पाहू."

"बरं."

"दवाई घेता ना?"

"घेतो."

भिंतीकडे तोंड करून, ओठांवर हात धरून, कडूबा जमेल तितकं हळू बोलले. "शालू, तुले ऐकू येते का?"

"येते ना. काऊन?"

"डाव्या दाराची वायरच लावेल नव्हती. काच बसवली तवापासून."

तिकडून नातवाचा झोपेतला श्वास ऐकू येत होता.

"म्या सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"हाव. सांगतलं होतं."

"मंग अर्पिताले सांगजा. ते पोरगी अजून वरडूनच बोलते माह्याशी. म्या दोनदा सांगतलं, तं म्हणते, राहू द्या आई, बाबांनी सांगितलंय. हे पोरगं दचकून उठते तिच्या आवाजानं." ती थांबली. "ठेवते. हालून राह्यलं."

फोन बंद झाला. पाणी केव्हाचं निघून गेल्यावरही पाइपाला कान लावून बसावं, तसे कडूबा उभे होते. मग त्यांनी अर्पिताचा नंबर लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट आहे का?"

"हाव. अर्जंट हाये."

"काय झालं? बरे आहात ना?"

"तुह्या सासूचे कान चांगले हायेत, बेटा. पहिल्यापासून. चूक माही होती. हळू बोलत जाय तिच्याशी."

अर्पिता म्हणाली, "बरं, बाबा." तिनं ते फार हळू म्हटलं.

दुपार कलायच्या आत काम संपलं. पॅनल बसलं, अँपचा निळा दिवा लागला. वाहेदनं टेपच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"सगळा आवाज डाव्या बाजूले करेल हाये, काका. मधात घेऊ का? तुमी तं एकलेच असता गाडीत."

"राहू दे. होता तिकडंच राहू दे."

गाडीत बसल्यावर त्यांना दिसलं की वाहेदनं अँपचा रिकामा खोका डाव्या सीटवर ठेवला आहे. कडूबा वाकले, तो उचलून मागे टाकला, सीटवर पडलेला थर्मोकोलचा चुरा हातानं झाडला. मग डावीकडची काच वर केली आणि आवाज बाहेर जाणार नाही इतपत वाढवून गाडी उंद्रीच्या रस्त्याला लावली.