सवाल शेजाऱ्यांविषयी

प्रभाकरच्या त्या पत्राला त्रिंबकपंतांनी उत्तर दिले नव्हते. पत्र तरी केवढे? ठाण्याहून, कोपरीतून आलेले, पाच-सहा ओळींचे. "कलावतीला अण्णांच्या घरून मागणी आली आहे. तुझ्या त्या कागदांवर माझं नाव कोणी घातलं, एवढंच कळव. ज्यानं घातलं त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही. तुझं उत्तर आलं नाही तर अण्णा त्यातले नाहीत असं धरून चालेन."

उद्या लिहू, उद्या लिहू, असे करता करता लग्नाची अक्षतच कल्याणला येऊन थडकली.

त्रिंबकपंत लायब्ररीचे कारभारी. पुस्तकांत जन्म गेला. समोर माणूस आला की त्यांची नजर आपली जमिनीकडे. म्हणूनच मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा गुमास्ता राघो काम घेऊन आला, तेव्हा त्यांना ते मनापासून आवडले होते. व्यापाऱ्याला कल्याण-ठाण्यात विलायती बिस्कुटांची दुकाने मांडायची होती. माल कोण घेईल, किती घेईल, हे आधी कळायला हवे. पंतांनी सवाल तयार करायचे, ते शिळाप्रेसवर छापून घरोघर वाटायचे आणि उत्तरे गोळा करायची. माणसांना विचारायचे, पण त्यांच्या तोंडाकडे न पाहता! पंतांना ही युक्ती फारच सोयीची वाटली.

पहिला कागद सरळ होता. 'आपल्या घरी बिस्कुटे खातात काय?' साऱ्या आळीतून उत्तर आले, 'छे, छे.' कोणी तर 'शिव शिव' लिहून कागदावर गोमूत्र शिंपडल्याचे डागही पाठवले होते.

राघो कागद चाळून हसत सुटला. "पंत, कागदावर सगळं गाव सोवळं, आणि नाक्यावरच्या पाववाल्याकडे शनिवारी एक बिस्कुट उरत नाही! मग खातं कोण? खाडीतले मासे?"

पंत चार दिवस विचार करत राहिले. मग त्यांना सुचले. आपला माणूस स्वतःच्या घराचे दार लावून घेतो, पण शेजाऱ्याच्या खिडकीशी उभा असतो. त्यांनी नवा कागद केला. 'आपल्या आळीत कोणाकोणाकडे बिस्कुटे येतात असे आपल्या कानी आहे?' आणि खाली ठळक अक्षरांत, 'उत्तरे गुप्त राहतील.'

कागद भरभरून परत आले. जागा पुरली नाही म्हणून लोकांनी पाठीमागे लिहिले. आळीतले वडीलधारे म्हणवणाऱ्या अण्णांनी तर तीन घरे लिहिली होती. कोणत्या दिवशी कोणाच्या दारातून पुडा आत गेला, तेही. त्यातले एक घर प्रभाकरचे. बाकी साऱ्या ढिगात प्रभाकरचे नाव दुसऱ्या कोणी घेतलेले नव्हते.

आणि प्रभाकरचा स्वतःचा कागद? त्यावर एवढेच होते : 'ठाऊक नाही. ठाऊक असते तरी लिहिले नसते.' पंतांना त्या वेळी त्याचा राग आला होता. लहानपणापासूनचा मित्र, आणि एवढे साधे सहकार्य नाही! तो कागद त्यांनी 'निरुपयोगी' म्हणून बाजूला काढला होता.

"पंत, तुमच्या लेखणीनं भिंतींना तोंडं फुटली की!" राघोने पाठ थोपटली. पंत सुखावले. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या अकलेचा कोणाला उपयोग झाला होता.

दुसऱ्या सकाळी राघो डोक्यावर डबे घेतलेला हमाल मागे घेऊन आळीत शिरला आणि यादीबरहुकूम दारे ठोठावू लागला. प्रभाकरच्या ओटीशी उभा राहून त्याने आरोळी दिली, "अहो प्रभाकरपंत! तुमच्याकडे खातात म्हणून कळलं. ताजा डबा आलाय, बघताय का?"

आळीतली एकूण एक खिडकी उघडली.

पंत धावत नाक्यावर गेले. "अरे, उत्तरं गुप्त राहतील असं मी छापलं होतं!"

"ते तुम्ही छापलं होतं," राघो म्हणाला. "मला गिऱ्हाईक कुठलं ते कळायला नको? नुसतं 'खातात' घेऊन शेठला काय कपाळावर चिकटवू?"

प्रभाकरच्या घरी बिस्कुटे येत होती, हे खरे होते. धाकटी मालन तापातून उठली होती, तिला अन्न पचेना, डॉक्टरांनी दुधात बुडवून द्या म्हणून सांगितले होते. पण देवळातल्या बैठकीत हे कोण ऐकतो? भटजी यायचे बंद झाले, विहिरीवर बायका घागर मागे घेऊ लागल्या. शेवटी अण्णाच मध्ये पडले. प्रायश्चित्त देववले, मिटवले. प्रभाकर त्यांच्या पाया पडला, आणि बदली मागून ठाण्याला गेला. पुढे त्याच उपकाराच्या जोरावर अण्णांनी मुलासाठी कलावती मागितली, हुंडा मात्र दीडपट. तेव्हा ते पत्र आले होते.

गुप्त राहील असे आपण लिहून दिले आहे, वचन कसे मोडावे? असे पंत स्वतःला सांगत राहिले. वचन राघोने भर आळीत मोडले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते थोडेच. अण्णा लायब्ररीला वर्गणी देत, हेही ठाऊक होते. यातले खरे कारण कोणते, ते मात्र त्यांना आजवर नीट ठरवता आले नव्हते.

कलावती दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली.

आणि आज अण्णा लायब्ररीत येऊन वर्तमानपत्र उघडता उघडता म्हणाले, "पंत, वर्षश्राद्ध उरकलं की मुलाचं दुसरं कार्य करून टाकतो. प्रभाकरपंतांची धाकटी, मालन. मेलीची बहीणच घरात आली म्हणजे नवं नातं जोडायला नको."

"मालन?" पंतांनी विचारले.

"बिस्कुटावर वाढलेली ती! चालायचंच. थोरलीला आमच्या हिनं शेवटपर्यंत पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नाही. पण गुणी पोर हो. वेगळी ताटली, वेगळा पाट, कधी तोंड वर करून बोलली नाही. धाकटीही शिकेल."

अण्णा पान उलटून वाचू लागले. पंत उठले, आतल्या खोलीत गेले. पुष्कळ कागद फाडल्यावर एक राहिला.

'प्रभाकर, तुझ्या पत्राचं उत्तर. तुझं नाव अण्णांनी घातलं, एकट्या अण्णांनीच. लग्नाआधी मला हे ठाऊक होतं. तो सवाल माझाच होता. तू त्या कागदावर कोणाचं नाव लिहिलं नाहीस आणि मी तो निरुपयोगी ठरवला. मालनला इथे देऊ नकोस. मला उत्तर पाठवू नकोस.'

वाचून त्यांना भाषा बोजड वाटली, अक्षर वाईट वाटले, 'एकट्या' हा शब्द सुडाचा वाटला. तरी त्यांनी पाकीट चिकटवले.

टपालपेटीपाशी पोचतात तो मागून अण्णा. "कोणाला पत्र, पंत?"

"प्रभाकरला."

"वा! माझा नमस्कार लिहिलात ना?"

पंतांनी मान वर केली. उभ्या आयुष्यात ते अण्णांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच पाहत होते.

"तुमचं नाव लिहिलंय," ते म्हणाले, आणि पाकीट पेटीत टाकले.