कल्याणला कोण जाणार

"आमटीत मीठ पडलं हो!"

मीराने डाव पातेल्यावर आडवा ठेवत सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मनुबाईचं लाटणं पोळीवर अर्ध्यात थांबलं. पडलं तर पडलं! त्यात दवंडी पिटण्यासारखं काय होतं? डोंबिवलीतलं हे पोळीभाजी केंद्र सुरू झाल्यापासून आमटी होत होती, तीत मीठ पडत होतं आणि लोक डबे नेऊन जेवत होते. कधी दोघींनी घालून खारट झाली, तर बटाटे टाकून निभावलं होतं. पण ओरडून कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय सांगते कुणाला? पडद्याच्या पलीकडे गल्ल्यावर मंदाताई बसलेल्या असतात. त्यांच्या कानावर पडावं म्हणूनच सगळा आटापिटा. मनुबाईने पोळी तव्यावर अशी टाकली की शेजारी गवार मोडणारी सरोज दचकली.

"काय झालं गं?"

"काही नाही. तुमच्या नव्या बाईंनी मीठ घातलं म्हणे. हार आणा."

सरोज हसली नाही. नाहीतर एरवी एवढ्याशा गोष्टीवर फिदीफिदी हसणारी. हेही मनुबाईच्या लक्षात आलं.

मीरा जाधव दिव्याहून यायची. गणपती झाल्यावर कामाला लागली आणि दिवाळी यायच्या आतच तिच्या एकेक सवयी मनुबाईच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. सुट्टी हवी असली तर बाई आदल्या दिवशी सांगणार. सिलिंडर हलका लागला की संपायच्या आधी बोलणार. जाताना आपली शेगडी तर पुसणारच, वर संध्याकाळच्या बाईसाठी कणीकही चाळून ठेवणार. आणि कहर म्हणजे, पोळी करपली तर स्वतःच उचलून दाखवणार, "ही माझ्या हातून गेली." अगं, कुणी विचारलंय का तुला? सगळ्या बायका करपलेली पोळी गुपचूप खालच्या चवडीत सरकवतात. मनुबाईनेही सरकवली होती. जगाची रीतच ती.

एवढं सरळ माणूस असतं का कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय, मनुबाईच्या मनाने घेतलं. आणि कुठे मुरतंय तेही तिला पक्कं कळलं होतं. मंदाताई कल्याणला, स्टेशनजवळ, दुसरं केंद्र काढत होत्या. जागा झाली होती, ओटाही बांधून झाला होता. तिथे एक बाई मुख्य राहणार आणि जोडीला एक जाणार. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात.

ती मुख्य बाई आपण, हे मनुबाईने कधीच ठरवून टाकलं होतं. मंदाताईंच्या घराच्या मागच्या गॅलरीत दोन शेगड्या मांडून हे केंद्र सुरू झालं, तेव्हा एका शेगडीपुढे मंदाताई होत्या आणि दुसरीपुढे ती. तिचं घर खाडीकाठचं, कोळ्यांचं. पण खाडीत कारखान्यांचं काळं पाणी आलं, मासळी गेली आणि नवरा होडी उपडी घालून तिच्या सावलीत बसायला लागला. तेव्हापासून घर तिच्या लाटण्यावर चाललं होतं. आता या वयात तिला एकच हवं होतं. कुणाच्या हाताखाली नाही, स्वतःच्या हिमतीवर एक स्वयंपाकघर चालवायचं. रात्री डोळे मिटले की कल्याणच्या त्या ओट्यावर कुठला तवा कुठे ठेवायचा याची ती मांडामांड करत बसायची. आणि ही कालची आलेली, मीठ पडलं म्हणून बोंब मारणारी, ते सगळं तोंडातून काढून नेणार?

"कल्याणला कोण जाणार, काही कळलं का गं?" तिने सरोजला सहज विचारल्यासारखं केलं.

सरोजने खाली मान घालून गवारीच्या शिरा काढल्या. "मला काय ठाऊक बाई. ताई ठरवतील."

"तुला विचारलं असेल ना ताईंनी?"

"कशाला मला विचारतील?" म्हणत सरोज उठली आणि काही कारण नसताना मोरीत जाऊन हात धुऊन आली.

म्हणजे विचारलं होतं! मनुबाईला खात्रीच पटली. त्या आठवड्यात मंदाताईंनी एकेकीला पडद्याआड बोलावलं होतं हे तिने पाहिलं होतं. प्रत्येक बाई परत येताना तिच्याकडे बघायचं टाळत होती. फक्त मीरा बाहेर आली ती सरळ तिच्यापाशी आली आणि म्हणाली, "मनुबाई, उद्याच्या पुरणाची डाळ मी भिजत घालते. तुम्ही नका थांबू." चोर तो चोर, वर साखर पेरतोय!

मनुबाईची नणंद दिव्याला राहायची. तिच्याकडे एरवी सणालासुद्धा न फिरकणारी मनुबाई त्या रविवारी सुकी सुरमई घेऊन गेली, आणि चहा घेता घेता मीरा जाधवचं घर कुठलं ते विचारून घेतलं. नणंदेने चाळ दाखवली. नळावर पाण्यासाठी हंड्यांची रांग लागली होती, त्यात मीरा नव्हती. मनुबाई तशीच पुढे जाऊन तिच्या उघड्या दारासमोरून चालत गेली. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यापुढे ताजी फुलं होती, आणि शेजारी दीक्षाभूमीचं चित्र असलेलं कॅलेंडर लटकत होतं.

असं आहे होय! मनुबाईच्या छातीत धडधडायला लागलं, आणि खोटं कशाला बोला, त्यात आनंद जास्त होता. जाधव जाधव म्हणून आडनाव सांगते आणि बाकीचं पोटात ठेवते. आदल्याच दिवशी पाठारे आळीतल्या दोन घरांचा नैवेद्याचा पुरणपोळीचा डबा हिच्या हातचा गेला होता. सोवळ्यातल्या गिऱ्हाइकांना हे कळलं तर? मंदाताईंनाच आधी कळायला हवं. आपण केंद्राच्या भल्यासाठी सांगतोय, असं तिने घरी येईपर्यंत स्वतःला चारदा समजावलं.

सोमवारी दुपारची गडबड ओसरली. सरोज घरी गेली होती, मीरा मागच्या अंगणात परात घासत होती. मंदाताई पोळ्यांच्या पुड्यांना दोरा बांधत बसल्या होत्या. मनुबाई पडदा सारून आत गेली आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक सांगू का? माझं नाव कुठे येऊ देऊ नका. ती मीरा आहे ना, ती बौद्ध आहे. मी डोळ्यांनी बघून आले. आपल्यापासून लपवलंय तिने. नैवेद्याचं काम करते हो ती!"

मंदाताईंनी दोऱ्याला गाठ मारली.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"कामाला आली त्या दिवशीच म्हणाली. ताई, मी बौद्ध आहे, चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मागाहून कटकट नको." मंदाताईंनी पुडी बाजूला ठेवली. "तू आलीस तेव्हा आमच्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? कोळणीच्या हातची पोळी ब्राह्मणाच्या ताटात वाढणार का म्हणून. त्यांना मी काय उत्तर दिलं तेही तू ऐकलं होतंस. दाराआड उभी होतीस."

मनुबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"सरोजला माहीत आहे. तुला सांगू नकोस असं मीच म्हटलं मीराला. तुझं डोकं फिरलं की तू दोन दिवस कुणाशी बोलत नाहीस, आणि माझं काम अडतं. ती म्हणाली, मी आपणहून नाही बोलणार, पण मनुबाईंनी विचारलं तर खोटं सांगणार नाही. तू विचारलंच नाहीस."

मग, आता आलेच आहे तर सगळंच होऊन जाऊ दे, अशा हिशेबाने मनुबाईने विचारून टाकलं. "कल्याणचं केंद्र तिलाच देताय ना?"

"तिला? वेडी आहेस का तू? तुझ्याशिवाय कोण सांभाळणार ते?"

कल्याण मनुबाईचंच होतं. सुरुवातीपासून तिचंच होतं!

"पण एकटीने होणार नाही," मंदाताई म्हणाल्या. "जोडीला बाई हवी. म्हणून एकेकीला बोलावून विचारलं, मनुबाईबरोबर जाशील का. सरोज नको म्हणाली. बाकीच्याही नको म्हणाल्या. एक तर रडायलाच लागली. तुझ्या हाताला नावं नाही ठेवली कुणी, पण तुझ्याबरोबर दिवसभर राहायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "एकटी मीरा हो म्हणाली. आता तुझं म्हणणं असेल तर तिला काढते. मग कल्याणला टाळं लावू. बोल, काढू?"

मनुबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सरोजचं मोरीत जाणं, बायकांचं नजर चुकवणं, सगळं एकदम उलटं होऊन समोर उभं राहिलं होतं. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

पडदा हलला आणि मीरा घासलेली परात घेऊन आत आली.

"मनुबाई, तुमच्या शेगडीचा एक बर्नर धरत नव्हता, मी सुईने साफ केलाय. एकदा बघून घ्या."

मनुबाईला राहवेना.

"तू माझ्याबरोबर कल्याणला यायला हो म्हणालीस?"

"हो."

"का गं? दुसरी कुणी तयार नाही. तुलाच काय पडलंय?"

मीराने परात भिंतीला टेकवली. एवढा विचार करण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुमच्यासारखी पोळी मला येत नाही, ती शिकेन. आणि तुम्ही रागावता ते तोंडावर रागावता. मी आधी ठाण्याला एका केंद्रात होते. तिथं सगळ्या गोड बोलायच्या हो. एक दिवस मालकीणबाईंच्या कानाला लागल्या, मीराने जात लपवली म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी मी घरी. मी लपवली नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी सगळं आधीच सांगून टाकते, बारीकसारीकसुद्धा. तुमचं बोलणं लागतं कधीकधी, पण पाठीमागून काही करणाऱ्यातल्या तुम्ही नाही. एवढं पुरे मला."

मनुबाईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

मंदाताईंनी दुसरी पुडी पुढे ओढली आणि दोऱ्याचं टोक शोधता शोधता विचारलं, "हं मनुबाई, तू मघाशी काहीतरी सांगत होतीस ना?"

मीरा पदराला हात पुसत तिथेच थांबली, ती काय सांगते ते ऐकायला.