रेघेबाहेरची लाली

"पाय हलवू नका, काका."

पी-युनने चिमट्याने पट्टीचा शेवटचा थर सोडवला. तळव्याच्या जखमेभोवती मागच्या खेपेला तिने पेनने रेघ आखून ठेवली होती. लाली ती रेघ ओलांडून घोट्याकडे सरकली होती.

"मला तर झकास वाटतंय," थिएन-फू म्हणाला. "मला नवंच मलम मिळालंय बघ."

थिएन-फू तैवानमधल्या ताइनानच्या किनाऱ्यावर तळ्यांत मासे पाळायचा. मधुमेहाने पडलेली त्याची जखम वर्ष उलटलं तरी भरत नव्हती. इस्पितळात जंतुनाशक मलमाची चाचणी सुरू झाली, तेव्हा तो आपण होऊन आला. काहींना नवं मलम, काहींना नेहमीचं. कोणाच्या नळीत काय आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि नर्स असून पी-युनलाही. या किनाऱ्यावर पूर्वी विहिरींच्या विषारी पाण्याने माणसांचे पाय काळे पडून झडत. थिएन-फूच्या वडिलांचे दोन्ही तसेच गेले होते.

तिने तापमापक पाहिला. ताप नव्हता. पण बाहेर बोचरा वारा असताना त्याचा सदरा पाठीला घामाने चिकटला होता.

"गोळी घेतलीत का सकाळी?"

"डोकं दुखत होतं जरा."

"काकू?" पी-युनने दाराशी बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"मला कशाला विचारतेस?" युए-ली खाली बघत म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "परवापासून कुडकुडतायत. तापाची गोळी खाऊन इथे येतात, म्हणजे तुमच्या यंत्राला कळायला नको."

"तुला गप्प बसवत नाही ना?"

"नाही बसवत."

पी-युन डॉक्टरांना बोलवायला उठली, तशी थिएन-फूने तिचं मनगट धरलं. हातही घामाने ओला होता.

"पोरी, चार दिवस थांब. तू सांगितलंस की ते मला चाचणीतून काढणार, आणि मग कापणार. बापाच्या जखमा मी धुतल्यात. आधी बोटं, मग पाऊल, मग गुडघा. एकदा सुरुवात केली की थांबत नाहीत ते."

तिने मनगट सोडवून घेतलं नाही. ती पुन्हा स्टुलावर बसली.

"नळीत काय आहे ते मला माहीत नाही, काका. पण ते तुमच्या पायाला पुरं पडत नाहीये, हे दिसतंय मला. आज ऑपरेशन झालं तर टाच तरी वाचेल. चार दिवसांनी मी कशाचाच भरवसा देणार नाही."

"थंडीची लाट येतेय. मासे मरतील. कोण काढणार ते?"

"मी काढीन," युए-ली म्हणाली. "इतकी वर्षं जाळ्याचं दुसरं टोक कोण धरत होतं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मग त्याची बोटं सैल पडली.

"बोलव डॉक्टरला."

त्या संध्याकाळी त्याचं अर्धं पाऊल गेलं. टाच राहिली.

उन्हाळ्यात चाचणी संपली आणि कोणाला काय दिलं होतं ते उघड झालं. निरोप फोनवरून देता आला असता, पण पी-युन तळ्यावर गेली. थिएन-फू सावलीत जाळं विणत होता.

"तुम्हाला नवंच मलम होतं, काका. तुमच्या जखमेतले जंतू त्याला दाद देणारे नव्हते."

त्याने गाठ मारली, ओढून पाहिली.

"बाकीच्यांचं?"

"बऱ्याच जणांच्या जखमा भरल्या."

"हं." आणखी एक गाठ मारून त्याने जाळं बाजूला ठेवलं. "चल, नवी पिल्लं सोडलीत, दाखवतो."

बांध अरुंद होता, कडेला शेवाळ. पी-युनने आधाराला हात पुढे केला. तो त्याने पाहिलाही असेल.

"माझ्या मागून ये," तो म्हणाला. "निसरडं आहे. शहरातल्या चपला तुझ्या."

आणि तो पुढे झाला. आधी टाच, मग कापूस भरलेला बुटाचा पुढचा भाग, पुन्हा टाच. पी-युनने आपली पावलं त्याच्या चालीएवढी हळू केली.