नऊ घरच्या आंबिलीची पळी

मी एक जुनी करवंटीची पळी आहे. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. मला मोडकी म्हणणारी पातेली पोचे पडून कधीच भंगारात गेली. जुन्या वस्तूनं आपली कहाणी बारीक आवाजात सांगावी, मधूनमधून उसासा टाकावा, असं लोकांना वाटतं. मला ते जमायचं नाही. मित्रांनो, मी रागात आहे. परवा मार्गशीर्षाची पुनव झाली. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या पारावर आठ घरच्या बायकांनी आमच्या अक्काताईची आंबील चाखली आणि एका सुरात सांगितलं, "चांगली झालीया."

तुम्ही म्हणाल, मग यात रागवायचं काय? तेच सांगते. नीट बसा.

प्लेगात गाव माळावर झोपड्या घालून राहिलं आणि परत आलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी अक्काताई लग्न होऊन या घरात आली. तिच्या ओटीतला नारळ तिच्या सासऱ्यानं, मष्णूनं, फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं आणि करवंट चुलीकडे निघालं. मष्णूनं ते उचलून घेतलं. काचेच्या तुकड्यानं आठ दिवस खरवडलं, करडईचं तेल चोळलं, दोन भोकं पाडून बांबूचा दांडा बसवला. ती मी. म्हणजे अक्काताई आणि मी या घरात बरोबरच आलो. तिला बारावं वर्ष होतं, मला पहिलं. तिचं अंग पुढं वाकलं, माझा दांडा अजून सरळ आहे.

माझं काम साधं नव्हतं. भाजी ढवळायला कुणीही चालतं. मी आंबिलीची पळी होते.

नाचणी निघाली की घरोघरी ती भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, जात्यावर दळायची. मग पातळ शिजवून, निववून, मातीच्या मडक्यात ओतायची आणि त्यात गेल्या वेळच्या आंबिलीतलं वाटीभर जुनं पाणी घालायचं. त्या जुन्या पाण्याला म्हणायचं मुरवण. ते नसेल तर नुसती पेज. ते असेल तर दुसऱ्या दिवशी मडकं बुडबुडायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी नाकाला झोंबतं. पहिल्या दिवसाची पोरांना, तिसऱ्या दिवसाची मोठ्यांना. तिसऱ्या दिवसाच्या दोन वाट्या प्यायला की मष्णू जात्याशी बोलायचा.

मार्गशीर्षाच्या पुनवेला यल्लम्माच्या देवळापुढच्या पारावर नऊ घरची नऊ मडकी यायची. आधी देवीला, मग चाखणं, मग अदलाबदल. प्रत्येक बाईनं बाकीच्या आठ मडक्यांतलं पळी पळी आपल्या मडक्यात घालून घरी न्यायचं. त्यातूनच वर्षाचं मुरवण राखायचं. असं प्रत्येक घरच्या मडक्यात नऊही घरं असायची. एखादीचं मुरवण मेलं तरी आठ जणींकडे तेच जिवंत.

आणि चाखायला पळी एकच. मी. अक्काताईची सासू राजाबाई सगळ्यांना बजावायची, "पळी एकच असूं दे. न्हायतर उद्या म्हणशीला, आंबील बरी हुती, पळीनं घात केला."

आता खरी गोष्ट ऐका. चाखणारीनं चांगली म्हणायचं नाही. खोट काढायची. परकी बाई काही घेऊन आली तर तोंडभर चांगलं म्हणायचं आणि तिला वाटेला लावायचं. आपल्या बाईला मात्र खोट सांगायची. कारण खोट सांगितली की ती पुढच्या पुनवेला सुधारून आणणार. म्हणजे पुढच्या पुनवेला ती येणार, आणि खोट काढणारीही येणार. राजाबाईनं हे गल्लीतल्या दोघी नव्या सुनांना पहिल्याच वर्षी शिकवलं. एक आमची अक्काताई. दुसरी गल्लीच्या पलीकडच्या घरातली मालुबाई. दोघींचं लग्न एकाच महिन्यात झालेलं, दोघींची जीभ एकाच सहाणेवर घासलेली.

"माले, नाचणी भाजलीस का जाळलीस गं?" अक्काताई विचारायची.

"भाजत हुतो बरी, दारातनं तुझं त्वांड दिसलं, करपली," मालुबाई म्हणायची.

"तुझ्या मडक्यात पाल पडली हुती काय? वास येतोय."

"पडली हुती. तुझी आंबील पिऊन आलती, मेली."

सगळा पार हसायचा. हसता हसता दोघी एकमेकींचं ऐकायच्याही. अक्काताईनं करपली म्हटलं की पुढच्या वर्षी मालुबाईची नाचणी सोन्यासारखी भाजलेली. मालुबाईनं पातळ म्हटलं की अक्काताईची दाट. पंचवीस-सव्वीस वर्षं असंच चाललं. दोघींच्या आंबिलीसारखी आंबील दुसरीकडे नव्हती, आणि हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. मी नऊच्या नऊ चाखत होते.

मग आलं जर्मनचं पातेलं.

अक्काताईचा थोरला भावकू बेळगावात कॅम्पातल्या एका बंगल्यावर स्वयंपाकाच्या कामाला लागला होता. त्यानं आईसाठी ते पांढरं, हलकं, चकचकीत भांडं आणलं. अ‍ॅल्युमिनियमच्या असल्या भांड्याला तेव्हा सगळे जर्मन म्हणायचे. अक्काताईनं त्या वर्षी मडकं बाजूला सारून आंबील त्यात लावली. आंबट पदार्थ असल्या भांड्यात तीन दिवस ठेवायचा नसतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. लेकानं आणलेलं पारावर मिरवायचं होतं. मी कोपऱ्यातून बघत होते. मला विचारतं कोण?

पुनवेला मालुबाईनं माझ्यातून घोट घेतला. जिभेवर घोळवला. मग म्हणाली, "अक्के, आंबील न्हाय गं ही. डबा चाटल्यागत लागतंय."

पार हसला. नेहमीसारखाच हसला. खोट खरी होती; माझ्या अंगालाही तो डबा लागत होता. पण भावकू तिथंच उभा होता, कॅम्पातला इस्त्रीचा सदरा घालून. त्याचं तोंड उतरलं. अक्काताईनं ते बघितलं.

पुढची पाळी मालुबाईच्या मडक्याची. आता अक्काताई काय फटका हाणते म्हणून बायका पदर सावरून पुढं सरकल्या. अक्काताईनं मला मालुबाईच्या मडक्यात बुडवलं, घोट घेतला, पदरानं ओठ टिपले आणि हसून म्हणाली, "लई चांगली झालीया हं, मालूताई."

हसू जागच्या जागी थांबलं. राजाबाई तेव्हा जिवंत होती. तिनं डोळे मिटून घेतले. मालुबाई अक्काताईच्या तोंडाकडे बघत राहिली. अजून काही बोलेल, शिवी देईल, म्हणून थांबली. मग म्हणाली, "व्हय काय. बरं झालं." मडक्यावर पळसाचं पान बांधलं आणि ती घरी गेली. अदलाबदल न करताच.

मित्रांनो, मला दगडावर आपटलं असतं तरी चाललं असतं. त्या बाईनं माझ्यातूनच घोट घेऊन तो शब्द काढला. घरी येऊन तिनं मला धुतलंही नाही. मालुबाईची आंबील तशीच माझ्या पोटात, आणि मला चुलीवरच्या आढ्याला खोचून टाकलं. वर धूर, खाली भांडणं. पुढच्या वर्षी मालुबाई पारावर आली नाही. तिच्यामागं तिघी आल्या नाहीत. उरलेल्या आपापली पळी घेऊन आल्या.

दोघी समोरासमोर राहत होत्या. रोज तोंडं दिसायची.

"बसा की मालूताई."

"नको अक्काताई, तुमचं काम खोळंबंल."

शिव्या ऐकून माझे कान कधी दुखले नव्हते. हे 'तुम्ही' ऐकून दुखायचे. एवढी वर्षं जी बाई हिला भवानी म्हणत आली, ती आता 'तुम्ही' म्हणत होती. आणि ही माझी मालकीण, खडीसाखरेचा खडा तोंडात धरल्यासारखी हसत होती. तिला रोज वाटत होतं की समोरचीनं आधी शिवी द्यावी. समोरचीलाही तेच वाटत होतं. दोन शहाण्या बायका आणि एक शिवी कुणाच्या तोंडून निघेना.

मग तिकडं सायबाची मोठी लढाई लागली. दाणा मापून मिळायला लागला. नाचणी भाकरीलाच पुरेना, तिची आंबील कोण लावणार? एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तिसऱ्याही वर्षी नाही. घराघरातलं मुरवण वाळलं, बुरसलं, मेलं. पूर्वी एकीचं मेलं तर आठ जणींकडे असायचं. आता कुणी कुणाकडचं नेलंच नव्हतं. एका शब्दापायी नऊच्या नऊ मडकी कोरडी पडली.

लढाई संपली. गेल्या मार्गशीर्षात मालुबाई अंथरुणाला खिळली. अन्न जाईना. तिच्या सुनेनं बोलता बोलता आमच्या जयाबाईला सांगितलं, "आत्याबाई सारखी आंबील मागत्यात. कुठनं आणू?" जयाबाई म्हणजे भावकूची बायको, अनगोळची. स्वच्छतेची लई हौस. तिनं घरी येऊन सासूला ते सांगितलं आणि सांगता सांगता घर झाडायला आढ्याकडे हात घातला. मी खाली आले. माझ्या पोटात काळं, कडक, पापुद्र्यासारखं चिकटलेलं.

"ही कसली घाण ओ?" म्हणून तिनं चिंच आणि राख घेऊन मला घासायला काढलं. चिंचेचा कोळ माझ्या काठाला लागलासुद्धा. माझं आयुष्य तिथं संपत होतं, आणि माझ्याबरोबर आणखी बरंच काही.

"हात काढ," अक्काताई म्हणाली. आवाज असा की जयाबाईच्या हातातली राख सांडली.

अक्काताईनं मला घेतलं, उजेडात धरलं, पोटातल्या पापुद्र्यावर नख फिरवलं, वास घेतला. ती किती वेळ वास घेत होती कोण जाणे. मालुबाईच्या मडक्याची शेवटची आंबील होती ती. दहा वर्षं धुरात वाळलेली. त्या दिवशी धुतली असती तर कधीच गेली असती. रागानं तिनं मला धुतलं नव्हतं. तेवढंच त्या रागाचं बरं काम.

तिनं मूठभर नाचणीला मोड आणले, भाजली, दळली, शिजवली. जुनं मडकं काढलं. आणि मलाच, दांड्यासकट, कोमट आंबिलीत बुडवून ठेवलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. ती मडक्याला कान लावून बसायची, जयाबाई नाक मुरडून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगाखालून एक बुडबुडा वर गेला. मग दुसरा. माझ्या पोटातला पापुद्रा सुटला, मित्रांनो. त्यात काय जिवंत होतं ते मलाही माहीत नव्हतं.

अक्काताई मडकं आणि मला घेऊन गल्ली ओलांडून गेली. दहा वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. मालुबाई भिंतीला टेकून बसली होती, हाडं नि डोळे एवढंच उरलेलं.

"बसा, अक्काताई," ती म्हणाली.

अक्काताईनं मडकं खाली ठेवलं. पळी भरून तिच्या ओठाला लावली. मालुबाईनं घोट घेतला. जिभेवर घोळवला. गिळला. डोळे मिटून घेतले. अक्काताईनं मला तसंच वर धरून ठेवलं. आता ही 'चांगली' म्हणाली तर संपलं. तर अक्काताईनं मडकं उचलायचं आणि परक्या बाईसारखं निघून जायचं.

"पातळ केलीस," मालुबाई म्हणाली.

अक्काताईनं मला परत मडक्यात बुडवलं.

"आन् भाजायला गडबड केलीस. अजून तशीच गं तू, अक्के. पुढल्या पुनवेला जरा दमानं भाज."

"तू मरायला टेकलीस, तरी जीभ न्हाय वाकली तुझी," अक्काताई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

"जर्मन कुठं गेलं?"

"कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलंय."

"कोंबड्यांनीबी खोट काढली आसंल."

दोघी हसल्या. मालुबाईला हसता हसता खोकला लागला. अक्काताईनं तिची पाठ चोळली आणि चोळता चोळता तिला शिव्या दिल्या. दहा वर्षांच्या साठलेल्या शिव्या होत्या. बराच वेळ लागला. मालुबाईनं अख्खी वाटी संपवली.

पुढच्या पुनवेपर्यंत ती राहिली नाही. माघातच गेली.

औंदा स्वराज्य आलं. परवाच्या पुनवेला अक्काताईनं वर्षभर राखलेलं मुरवण काढलं, नाचणी दमानं भाजली, दाट शिजवली, मडकं डोक्यावर घेऊन पारावर गेली. तिथं चहाचा हंडा उकळत होता. कपात चहा, हातात बिस्कूट. चहा तोंडाला लागायच्या आधीच सगळे म्हणत होते, चांगला झालाय. त्याच तोंडानं आठ जणींनी आमच्या आंबिलीचा घोट घेतला, एकीनं तर न गिळता, आणि "चांगली झालीया" म्हणून कप उचलले. मुरवण मागितलं नाही कुणी. अक्काताई मडकं घेऊन घरी आली आणि चुलीपुढं बसली. आता तुम्हाला कळलं ना, मी का रागात आहे?

पण जयाबाई आमच्या मागोमाग आली होती. तिनं मला मडक्यात बुडवलं. न धुता. घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आत्याबाई, भाजलीया बरी. पर आंबली न्हाय. अजून एक दिवस ठेवाय पायजे हुती."

"काल आलीस तू. मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाय. पुढल्या पुनवंचं मुरवण माझ्या हातनं लागूं दे."

अक्काताईनं तिला अशी काही शिवी दिली की ती इथं सांगता येत नाही. आणि मग दिवसभरात पहिल्यांदा जेवायला बसली.

तर मित्रांनो, कधी कंग्राळीला आलात आणि माझ्यातून घोट घेतलात, तर चिंच-राख घेऊन मला चकचकीत करायला जाऊ नका. माझ्या अंगात नऊ घरं आहेत. आणि उगीच गोड हसून चांगली म्हणू नका. नीट चाखा, खोट सांगा, आणि पुढच्या पुनवेला परत या.